पंख पाहून पिलांतील नर-मादी ओळखणे
(कुक्कुटपालन प्रशिक्षण वर्गातील भाषणाचा मजकूर)



परसातील कुक्कुटपालनावर बोलायला उभे राहिले की खाद्य, लसीकरण, खुराडा हे सगळे विषय होतात, आणि शेवटी एक प्रश्न हमखास येतो. "साहेब, यातली तलंग कोणती आणि कोंबडा कोणता, हे आत्ताच कसं ओळखायचं?" प्रश्न विचारणाऱ्या बहुतेक बायाच असतात. कारण नांदेड-लातूरकडे परसातल्या कोंबड्या सांभाळते ती घरची बाई, आणि अंड्यांचे चार पैसे तिच्याच हाती येतात. आज या एकाच प्रश्नाचे उत्तर सविस्तर द्यावयाचे आहे.

पंखावरून एक दिवसाच्या पिलाचे लिंग ओळखता येते, हे खरे आहे. मोठ्या उबवणी केंद्रांत रोज हजारो पिले याच पद्धतीने निवडली जातात. पण ही खूण सगळ्या पिलांना लागू पडत नाही, हेही तितकेच खरे आहे. ती कोणत्या पिलांना लागू पडते आणि कोणत्या पिलांना नाही, हे न कळल्यामुळेच माणूस फसतो. म्हणून खूण आणि तिची मर्यादा, दोन्ही आज समजून घेऊ.

प्रश्न पैशाचा आहे

समजा, एखाद्या बचत गटाने कर्ज काढून एक दिवसाची १०० पिले आणली. न निवडलेल्या मिश्र पिलांत साधारण निम्मे नर आणि निम्म्या माद्या असतात. हा निसर्गाचा नियम आहे, त्यात विक्रेत्याची काही लबाडी नाही. दहा पिले दगावली असे धरले तर अंड्यावर येणाऱ्या कोंबड्या उरतात ४५ च्या आसपास. ज्या गटाने ९० कोंबड्यांच्या अंड्यांवर कर्जाच्या हप्त्याचा हिशेब मांडला असेल, त्याचा हिशेब पहिल्याच दिवशी निम्म्याने चुकलेला असतो. तो कळतो मात्र दोन-अडीच महिन्यांनी, तुरे वर आल्यावर.

याउलट "सगळ्या माद्याच आहेत" असे सांगून पिलामागे जास्त पैसे घेतले जातात, तेव्हा नुकसान दुहेरी होते. पैसे माद्यांचे जातात आणि घरात येतात कोंबडे. बंदिस्त पद्धतीत वाढवलेली अंड्यावरील जातीची तलंग अंड्यावर येईपर्यंत, म्हणजे साधारण पाच महिन्यांत, सात ते आठ किलो खाद्य खाते. हा खर्च कोणत्या पक्ष्यावर करायचा, हे आधी ठरवता आले तर फायदा कोणाचा, हे सांगायला नको.

पंख कसा पाहावा

पिलू अंड्यातून बाहेर येऊन पूर्ण वाळलेले असावे. ओल्या पिलाची पिसे चिकटलेली असतात, त्यात काही समजत नाही. पाहणी पहिल्या २४ तासांत करावी, फार तर दुसऱ्या दिवसापर्यंत. तिसऱ्या दिवसानंतर दोन्ही ओळींतली पिसे वाढून फरक पुसट होतो. म्हणून आठवड्याच्या पिलाचा पंख उघडून कोणी नर-मादी सांगू लागला, तर ऐकून घ्यावे आणि सोडून द्यावे.

कृती अशी :

१. पिलू डाव्या हातात घ्यावे. पाठ वर, पोट तळहातावर. आवळू नये, पिलाला श्वास घेता आला पाहिजे.

२. उजव्या हाताच्या अंगठ्याने आणि पहिल्या बोटाने एक पंख हलकेच बाजूला ओढून पंख्यासारखा पसरावा. ओढ सांध्यावर येऊ देऊ नये.

३. उजेडाकडे तोंड करून पंखाची वरची बाजू पाहावी. पंखाच्या टोकाकडे लव संपून पिसांचे कोंब दिसतात. त्यांच्या दोन ओळी असतात. खालच्या ओळीतली ती मुख्य पिसे. पुढे यांचीच उडण्याची मोठी पिसे होतात. वरच्या ओळीतली ती आच्छादक पिसे, म्हणजे मुख्य पिसांच्या मुळांवर पांघरूण घालणारी.

४. आता दोन्ही ओळींची लांबी ताडून पाहावी. खालच्या ओळीतली मुख्य पिसे वरच्या ओळीपेक्षा स्पष्टपणे लांब असतील तर ती मादी. ओळीत एक लांब, एक आखूड असा कंगव्यासारखा फरक दिसतो. दोन्ही ओळी सारख्या लांबीच्या असतील, किंवा वरची ओळच लांब असेल, तर तो नर.

५. मुख्य पिसे अगदी केसभरच लांब असतील, तर पिलू मादीत धरू नये. संथ पिसांच्या काही नरांत असा किंचित फरक दिसतो. अशी पिले शंकेची म्हणून वेगळी ठेवावीत.

सवय झालेला माणूस एका पिलाला दोन-तीन सेकंदच घेतो आणि योग्य संकरातील पिलांत शंभरातली पंचाण्णवहून अधिक बरोबर सांगतो. नवख्याने घाई करू नये. पहिल्या आठवड्यात पिलांना सुमारे ३५ अंश सेल्सिअस ऊब लागते. म्हणून पाहणी ब्रूडरजवळच करावी आणि पिलू लगेच उबेत सोडावे. थंडीच्या दिवसांत पिले उघड्यावर मांडून बसू नये.

असे का होते?

माणसात आणि जनावरांत मुलगा की मुलगी, गोऱ्हा की कालवड, हे बापाकडून ठरते. पक्ष्यांत हे उलटे आहे. कोंबड्याजवळ 'झेड' नावाची दोन गुणसूत्रे असतात. कोंबडीजवळ एक 'झेड' आणि एक 'डब्ल्यू' असते. कोंबडीने अंड्यात 'झेड' दिले तर नर, 'डब्ल्यू' दिले तर मादी. म्हणजे पिलाचे लिंग आईकडून ठरते, आणि तेही अंड्यावर कवच चढण्याच्या आधीच.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. कोंबडीचे 'झेड' गुणसूत्र फक्त तिच्या नर पिलांना मिळते. मादी पिलांना 'झेड' मिळते ते बापाचे. त्यामुळे 'झेड' गुणसूत्रावरचा एखादा गुण आईत एक प्रकारचा आणि बापात दुसऱ्या प्रकारचा ठेवला, तर आईचा गुण मुलांत आणि बापाचा गुण मुलींत उतरतो.

पिसे लवकर येणे की उशिरा येणे, हा असाच गुण आहे. त्याचे जनुक 'झेड' गुणसूत्रावर असते. रशियन शास्त्रज्ञ सेरेब्रोव्स्की यांनी १९२२ मध्ये या जनुकाची माहिती प्रसिद्ध केली. पिसे उशिरा आणणारे जनुक प्रभावी आहे. ते एकदा आले की लवकर पिसे आणणाऱ्या जनुकावर मात करते. व्हाईट लेगहॉर्नसारख्या हलक्या जातींत साधारणपणे पिसे लवकर येतात, तर प्लायमाऊथ रॉकसारख्या कित्येक भारी जातींत उशिरा.

आता पैदासकार काय करतो? बाप घेतो लवकर पिसे येणाऱ्या वाणाचा आणि आई घेतो उशिरा पिसे येणाऱ्या वाणाची. नर पिलांना आईकडून उशिराचे जनुक मिळते, म्हणून त्यांची मुख्य पिसे आखूड. मादी पिलांना बापाकडून लवकरचे जनुक मिळते, म्हणून त्यांची मुख्य पिसे लांब. झाली खूण तयार! ही खूण नर-मादीची जन्मजात खूण नव्हे. पैदासकाराने आई-बाप मुद्दाम तसे निवडून ती पिलांत आणलेली असते. सगळ्या विषयाची मेख इथेच आहे.

खूण कुठे चालत नाही

पहिली गोष्ट, गावरान पिलांत. आपल्या गावरान कोंबड्यांत कोणी लवकर-उशिरा पिसांची निवड केलेली नाही. गावातल्या कोंबड्यांत पिढ्यान्‌पिढ्या सरमिसळ झालेली आहे. खुडूक कोंबडीखाली घरच्या १२ अंड्यांची पिले निघाली आणि त्यांचे पंख पाहिले, तर काहींची पिसे लांब दिसतील, काहींची आखूड. पण लांब पिसांत नरही असतील आणि आखूड पिसांत माद्याही असतील.

दुसरी गोष्ट, आई-बाप दोघेही लवकर पिसे येणारे असतील तर सगळ्याच पिलांची मुख्य पिसे लांब असतात, नरांचीही. इथेच सर्वांत मोठी फसगत होते. अंड्यावरील जातींच्या उबवणी केंद्रांत माद्या निवडून घेतल्या की नर पिले उरतात. ती स्वस्तात विकली जातात. कधी गुलाबी, हिरव्या रंगात बुडवून ती डालग्यातून गावोगाव फिरतात, आठवडी बाजारात येतात. ही पिले लवकर पिसांच्या शुद्ध वाणातली असतील, तर डालग्यातले कोणतेही पिलू उचला, त्याचा पंख "मादी" असेच सांगेल. विक्रेता तुमच्यासमोर दहा पंख उघडून दाखवील, दहाही पंख खरेच तसे दिसतील, आणि तरीही दहाही कोंबडेच निघतील. विक्रेत्यालाही कदाचित हे ठाऊक नसेल. पंख खोटे बोलत नाही. फक्त आपण त्याला विचारलेला प्रश्न चुकीचा असतो. तो पिसे लवकर आली की उशिरा, एवढेच सांगतो. त्यावरून नर-मादी ठरवायची, तर आई-बाप ठाऊक पाहिजेत.

तिसरी गोष्ट, दुसऱ्या पिढीत. समजा, तुम्ही पंखावरून निवडता येणाऱ्या संकराची पिले आणली, वाढवली आणि त्यांतल्याच कोंबड्या-कोंबड्यांच्या अंड्यांतून घरी पिले काढली. आता बापाजवळ एक उशिराचे आणि एक लवकरचे अशी दोन्ही जनुके आहेत. आईजवळ फक्त लवकरचे आहे. निघणाऱ्या नर पिलांत निम्मे लवकरचे, निम्मे उशिराचे. मादी पिलांतही तसेच निम्मे-निम्मे. म्हणजे १०० पिलांत लांब पिसांची सुमारे ५० निघतील, आणि त्यांत २५ नर व २५ माद्या असतील. अशा वेळी पंख पाहून निवडणे आणि नाणे उडवून निवडणे यांत काही फरक राहत नाही.

चौथी गोष्ट, सुधारित परसातील जाती. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाच्या वनराजा व ग्रामप्रिया, बंगळूरच्या कृषी विद्यापीठाची गिरिराजा, ही नावे आपल्याकडे परिचित आहेत. अशा जातींची पिले घेताना "निवडलेली आहेत की मिश्र?" हे उबवणी केंद्रालाच विचारावे. निवडलेली म्हणून लेखी सांगितले नसेल, तर ती मिश्र आहेत असे धरूनच हिशेब करावा.

रंगावरून आणि गुदद्वारावरून ओळख

पिसांसारखाच रंगाचा उपयोग होतो. केंब्रिजचे शास्त्रज्ञ पनेट यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात, खाद्याची टंचाई असताना, नर पिले पहिल्याच दिवशी ओळखण्यासाठी रंगाचा उपयोग सुचवला. दोन उदाहरणे पाहा. पट्टेदार प्लायमाऊथ रॉक कोंबडी आणि ऱ्होड आयलंड रेड कोंबडा यांच्या पिलांत नराच्या काळ्या डोक्यावर पांढुरका ठिपका असतो. मादीचे डोके ठिपक्याशिवाय असते. तसेच लाइट ससेक्ससारखी रुपेरी रंगाची कोंबडी आणि ऱ्होड आयलंड रेड कोंबडा यांचा संकर केल्यास नर पिले फिकट पिवळसर आणि माद्या तांबूस निघतात. इथेही अट तीच आहे : आई ठरावीक रंगाची, बाप ठरावीक रंगाचा. जोडी उलटी केली तर खूण जाते. आपल्या गावरान पिलांच्या चित्रविचित्र रंगांवरून काहीही अनुमान काढू नये.

तिसरी पद्धत जपानी आहे. एक दिवसाच्या पिलाचे गुदद्वार हलकेच उलगडून आतील बारीक उंचवटा पाहायचा. नरात तो ठळक असतो. जपानच्या मासुई, हाशिमोतो आदी शास्त्रज्ञांनी १९२० नंतरच्या दशकात ही पद्धत बसवली. मासुई आणि हाशिमोतो यांचे इंग्रजी पुस्तक १९३३ मध्ये निघाल्यावर ती जगभर गेली. ती कोणत्याही जातीला लागू पडते, हा तिचा मोठा गुण आहे. पण ती शिकायला दीर्घ सराव लागतो. निष्णात माणूस तासाला हजाराच्या आसपास पिले पाहतो. नवख्याने प्रयत्न केला तर पिलाची आतडी दुखावतात आणि पिलू मरते. म्हणून ही पद्धत घरी करून पाहू नका, असे मी स्पष्ट सांगतो.

काही जुन्या समजुती

टोकदार अंड्यातून कोंबडा आणि गोल अंड्यातून कोंबडी निघते, असे अनेक ठिकाणी सांगतात. अंड्याचा आकार कोंबडीच्या अंडनलिकेत ठरतो. एका कोंबडीची अंडी बहुतेक एकाच घडणीची असतात आणि त्यांतूनच नर-मादी दोन्ही निघतात. अंड्यावर दोऱ्याला बांधलेली सुई धरणे, पिलू उलटे टांगून ते पाय झाडते की नाही हे पाहणे, यांनाही आधार नाही. अशी कोणतीही युक्ती निम्म्या वेळा बरोबर येतेच, कारण उत्तरे दोनच आहेत. बरोबर आलेली आठवते, चुकलेली विसरते, आणि समजूत पक्की होते.

वाढत्या पिलांतील खुणा

गावरान आणि मिश्र पिलांत खात्रीचा मार्ग म्हणजे थोडी वाट पाहणे. पिसे इथेही मदत करतात, पण वेगळ्या रीतीने.

तीन ते चार आठवडे : भारी व रंगीत जातींत माद्यांच्या अंगावर पिसे आधी भरतात. शेपटी लवकर दिसते, खांदे झाकतात. नरांची पाठ व खांदे काही दिवस उघडे राहतात. हा अंदाज आहे, निकाल नव्हे.

पाच ते आठ आठवडे : नराचा तुरा मोठा व लालसर होऊ लागतो, गळ्याखालील गलोल दिसू लागतात, पाय जाड आणि ठेवण उंच. मादीचा तुरा लहान व फिकट राहतो. एकाच वयाची, एकाच जातीची पिले शेजारी ठेवून पाहिली तरच फरक नीट कळतो. लेगहॉर्नसारख्या मोठ्या तुऱ्याच्या जातीचे पिलू गावरान पिलाशेजारी ठेवून तुलना केली तर फसायला होते.

दहा ते बारा आठवडे : ही पिसांची खरी खूण. कमरेवरची, शेपटीच्या मुळाजवळची पिसे पाहावीत. नरात ती अरुंद, टोकदार आणि चकाकणारी येऊ लागतात. मादीत ती रुंद व गोल टोकाची असतात. मानेवरच्या पिसांतही हाच फरक दिसतो. पुढे नराची शेपटी वळणदार होते, तो आरवू लागतो. पायामागचा काटा मात्र उशिरा वाढतो आणि क्वचित म्हाताऱ्या कोंबडीलाही येतो. म्हणून केवळ काट्यावर विसंबू नये.

या खुणा कुठे कामी येतात, ते सांगतो. पशुसंवर्धन विभागाच्या योजनांतून आपल्या राज्यात आठ ते दहा आठवड्यांच्या तलंगांचे गट वाटण्यात आलेले आहेत. त्यांत २५ माद्या व ३ नर, म्हणजे आठ-नऊ माद्यांमागे एक नर, असे प्रमाण ठेवलेले असते. असा गट पदरात पडतो तेव्हा पक्ष्यांचे वय आठ-दहा आठवडे असते, आणि त्या वयात नर-मादी पाहता येते. पिंजरा घाईने रिकामा करून घेऊ नका. प्रत्येक पक्षी हातात घ्या, तुरा पाहा, कमरेची पिसे पाहा आणि मोजणी करूनच सही करा. २५ माद्यांतले पाच कोंबडे निघाले, तर अंड्यांचे पाचव्या हिश्श्याचे उत्पन्न गेले. ही तक्रार तिथल्या तिथे करता येते, दोन महिन्यांनी करता येत नाही. चालू वर्षी आपल्या तालुक्यात कोणती योजना आहे, हे पंचायत समितीच्या पशुधन विकास अधिकाऱ्यांकडे विचारावे.

आपली परीक्षा आपणच घ्यावी

कोणी कोणतीही खूण सांगितली तरी ती तपासण्याचा साधा उपाय आहे. पुढच्या वेळी पिले घ्याल तेव्हा पहिल्याच दिवशी पंख पाहून दोन गट करा. लांब पिसांच्या पिलांच्या एका नखाला नेलपॉलिश लावा. दर आठवड्याला ती पुन्हा लावावी, नाहीतर नख वाढून खूण जाते. पायात दोरा बांधू नये, पाय वाढला की तो रुततो. वहीत आकडा लिहून ठेवा. दहा-बारा आठवड्यांनी पुन्हा पाहा. ५० पिलांत ४५ हून अधिक अंदाज बरोबर आले, तर त्या केंद्राच्या पिलांना पंखाची खूण लागू पडते, पुढे खुशाल वापरा. २५ च्या आसपासच बरोबर आले, तर खूण लागू नाही, हे एका वहीच्या पानावर कळले. यासाठी कोणत्याही प्रयोगशाळेची गरज नाही.

नर पिलांचे काय करावे?

अंड्यावरील जातींची नर पिले जगभर पहिल्याच दिवशी मारली जात. जर्मनीने १ जानेवारी २०२२ पासून ही प्रथा कायद्याने बंद केली. आता तिकडे अंड्यात असतानाच लिंग ओळखण्याची यंत्रे वापरली जातात. आपल्या परसात चित्र वेगळे आहे. इथे गावरान किंवा रंगीत कोंबडा म्हणजे नुकसान नव्हे, त्याचे गिऱ्हाईक वेगळे, एवढेच.

आपल्या भागात आखाडात कोंबड्याला मागणी वाढते आणि श्रावण लागला की ती पडते. गावोगावच्या जत्रांतही मागणी असते. गावरान व रंगीत कोंबडा विक्रीयोग्य व्हायला साधारण चार ते पाच महिने लागतात, हे लक्षात घेऊन माघ-फाल्गुनात पिले घेतली तर ती आखाडात तयार होतात. मात्र चैत्र-वैशाखात नांदेड-लातूरचे ऊन ४० अंशांच्या वर जाते. खुराड्यावर सावली, गोणपाट आणि गार पाण्याची सोय नसेल तर हा बेत करू नये.

नर ओळखू येताच वेगळे काढावेत. ते माद्यांना खाद्यावरून हुसकतात आणि आपसांत झुंजतात. पैदाशीसाठी आठ-दहा माद्यांमागे एकच उमदा नर ठेवावा, आणि तो शक्यतो दुसऱ्या घरचा किंवा दुसऱ्या गावचा असावा. घरच्याच नरावर पिढ्यामागून पिढ्या काढल्या तर पिले दुबळी होतात. लोहा तालुक्यातील माळेगावच्या यात्रेत दरवर्षी मार्गशीर्षात जनावरांबरोबर कोंबड्यांचेही प्रदर्शन भरत आले आहे. तिथे जातिवंत नराची ठेवण, तुरा, पिसे डोळ्यांखालून घालावीत. पाहिलेले कामी येते.

पिले घेताना विचारावयाचे पाच प्रश्न

एक, पिले कोणत्या जातीची, आणि कोणत्या उबवणी केंद्राची?
दोन, ती मिश्र आहेत की निवडलेली? निवडलेली असतील तर पंखावरून, रंगावरून की गुदद्वारावरून?
तीन, पंखावरून निवडली असतील तर हा संकर मुद्दाम त्यासाठी केलेला आहे का?
चार, पिलांचे वय किती दिवसांचे, आणि मरेक्सची लस टोचली आहे का?
पाच, माद्या म्हणून दिलेल्या पिलांत नर निघाले तर भरपाई काय, आणि हे सगळे पावतीवर लिहून देणार का?

पाचव्या प्रश्नावर जो टाळाटाळ करतो, त्याच्याकडून पिले मिश्र म्हणूनच, आणि मिश्र पिलांच्याच भावाने घ्यावीत. कोणाशी भांडण्याचे कारण नाही. निम्मे कोंबडे निघणार हे धरून हिशेब केला, की निराशाही नाही आणि कर्जाचा हप्ताही चुकत नाही. अधिक माहितीसाठी सगरोळी व लातूर येथील कृषी विज्ञान केंद्रे, परभणी व उदगीर येथील पशुवैद्यकीय महाविद्यालये, किंवा आपल्या जवळचा पशुवैद्यकीय दवाखाना येथे विचारणा करावी.

भगिनींनो, पिलू हातात घेऊन पंख जरूर पाहा. डोळ्याला सवय लागते आणि पिलू सुदृढ आहे की नाही, हेही त्याच वेळी कळते. पण पिलाचा पंख पाहण्याआधी त्याच्या आई-बापांची चौकशी करा. ती माहिती मिळाली तरच पंखाचे ऐका. नाही मिळाली, तर आठ-दहा आठवडे थांबा आणि तोपर्यंत माद्यांचा भाव देऊ नका.